टर्बाइनच्या लायनरवरचं सिरॅमिक कोटिंग: कुठली भेग चालते आणि कुठली नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्राजवळच्या एका गॅस टर्बाइन वीजकेंद्रात तपासणीसाठी मशीन उघडलं, तेव्हा कम्बश्चन लायनर (ज्यात ज्योत जळते ते नळकांडं) आणि ट्रान्झिशन पीस (तिथला गरम वायू पात्यांपर्यंत नेणारी वळणदार नळी) यांच्या आतल्या पांढऱ्या सिरॅमिक कोटिंगवर केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसली. दोन-तीन ठिकाणी कडेला नखाएवढे तुकडे सुटले होते. एक लायनर चांगला वाटला म्हणून स्टोअरमध्ये ठेवला, तर दोन दिवसांनी त्याचाही पापुद्रा निघाला. कोटिंग करणारा म्हणतो, "जाडी ३०० मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ५०० करू, मग टिकेल." त्याचं ऐकायचं का? आणि भेगा पडलेले भाग परत चढवायचे का?

जाडी वाढवू नका. कोटिंग नेमकं कुठून आणि कशामुळे सुटलं हे कळेपर्यंत तर अजिबातच नको. भेगांची जाळी एवढ्यावरून भाग बाद करायची गरज नसते. मला काळजी वाटते ती स्टोअरमध्ये सुटलेल्या त्या पापुद्र्याची. खरी माहिती त्याच्यातच आहे.

आधी भेगेची दिशा समजून घ्या. पृष्ठभागावरून धातूच्या दिशेने खाली उतरते ती उभी भेग. धातूला समांतर, थराच्या आतून पसरते ती आडवी. वरून बघताना आपल्याला फक्त उभ्या भेगा दिसतात, आणि कोटिंग सुटतं ते आडव्या भेगांमुळे. उभी भेग पडली की सिरॅमिकला थोडी मोकळीक मिळते आणि त्यातला ताण काही प्रमाणात उतरतो. म्हणून तर काही कोटिंग मुद्दाम उभ्या भेगा पाडूनच बनवतात. सिरॅमिक वितळवून फवारणारी प्लाझ्मा गन जवळ आणतात, जॉब (ज्यावर फवारायचं तो भाग) जास्त गरम ठेवतात, थर दाट बसवतात आणि ठरावीक अंतराने उभ्या भेगा येऊ देतात. विमानाच्या इंजिनाच्या पात्यांवर इलेक्ट्रॉन बीमने झिर्कोनियाची (हेच ते पांढरं सिरॅमिक, झिर्कोनियमचा ऑक्साइड) वाफ करून जे कोटिंग चढवतात, ते तर एकमेकांना जेमतेम टेकलेल्या उभ्या खांबांचंच असतं. ते इतकं टिकतं त्याचं मोठं कारण हेच.

तुमच्या लायनरवरची जाळी बहुधा मशीन बंद होताना पडलेली आहे. ज्योत विझते तेव्हा सिरॅमिकचा वरचा भाग सर्वांत आधी थंड होतो आणि खालचा अजून गरम असतो. वरचा थर आखडायला बघतो, खालचा त्याला आखडू देत नाही, मग तो ताणला जाऊन फाटतो. सावकाश थांबवलेल्या मशीनपेक्षा पूर्ण लोडवर ट्रिप झालेल्या, म्हणजे एकदम बंद पडलेल्या मशीनमध्ये ही जाळी दाट असते. त्यामुळे तपासणीच्या अहवालात चालू तासांबरोबर किती वेळा सुरू-बंद झालं आणि त्यात ट्रिप किती, हे लिहिलेलंच हवं. नुसत्या तासांवरून कोटिंगचं वय काढता येत नाही.

आता सगळं थंड झाल्यावर काय होतं ते बघू. १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा १००० अंश सेल्सिअसने थंड झाला असं धरा. लायनरचा मूळ धातू, म्हणजे निकेलचा सुपरअलॉय (उष्णता सोसणारा मिश्रधातू), साधारण १.५ मिलिमीटर आखडेल. इट्रिया (इट्रियमचा ऑक्साइड) घातलेला झिर्कोनिया १.१ मिलिमीटरच्या आसपास. आणि या दोघांच्या मध्ये, बाँड कोटवर (सिरॅमिकखालचा, त्याला धरून ठेवणारा धातूचा थर) उष्णतेत हळूहळू वाढलेला जो ॲल्युमिनाचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो जेमतेम ०.८ मिलिमीटर. तिघे एकमेकांना चिकटलेले, पण आखडण्याचं माप तिघांचं वेगळं. धातू सर्वांत जाड आणि बलवान, त्यामुळे तो बाकी दोघांना आपल्याबरोबर ओढून दाबतो. सपाट पृष्ठभागावरच्या त्या ॲल्युमिनाच्या थरात खोलीच्या तापमानाला ३ ते ४ गिगापास्कल एवढा दाब साठलेला असतो. पोलादाच्या दृष्टीनेसुद्धा हा आकडा प्रचंड आहे. दाबलेला पातळ थर जिथे चिकटण सैल असते तिथे वर उचलला जातो, तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा टम्म फुगावा तसा. सिरॅमिक फुगा धरू शकत नाही, ते फुटतं आणि तुकडा पडतो.

त्या ॲल्युमिनाच्या थराबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते कोटिंगचं आयुष्य तिथेच ठरतं. झिर्कोनिया ऑक्सिजनला अडवत नाही. त्याच्या छिद्रांतून वायू जातोच, शिवाय तापलेल्या झिर्कोनियाच्या स्फटिकातूनही ऑक्सिजन पुढे सरकतो. म्हणजे धातूचं गंजण्यापासून रक्षण बाँड कोटलाच करावं लागतं. बाँड कोट म्हणजे निकेल किंवा कोबाल्ट, क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि चिमूटभर इट्रियम. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात ३२ टक्के निकेल, २१ टक्के क्रोमियम, ८ टक्के ॲल्युमिनियम, अर्धा टक्का इट्रियम आणि बाकी कोबाल्ट असतं. यातलं ॲल्युमिनियम ऑक्सिजनशी मिळून ॲल्युमिनाचा दाट, सलग थर तयार करतं. हा थर सावकाश वाढतो. सुरुवातीला भरभर आणि नंतर वेळेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने, म्हणजे जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो. साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंत तो गेला की कोटिंग सुटायची वेळ जवळ आली असं समजायचं. अर्धा टक्का इट्रियम ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते धातूतल्या गंधकाला बांधून ठेवतं. गंधक मोकळं राहिलं तर ते ऑक्साइड आणि धातूच्या सांध्यावर जाऊन बसतं आणि तिथली पकड ढिली करतं.

बाँड कोटमधला ॲल्युमिनियमचा साठा अर्थातच मर्यादित आहे. थोडा वर ऑक्साइडमध्ये जातो, थोडा खाली मूळ धातूत उतरतो. साठा संपत आला की ॲल्युमिनाऐवजी क्रोमियम, निकेल आणि कोबाल्टचे ऑक्साइड व्हायला लागतात. ते भरभर वाढतात, जास्त जागा व्यापतात आणि ठिसूळ असतात. या टप्प्यावर पोचलेल्या कोटिंगला वाचवायचा उपाय नाही, ते उतरवून नवंच चढवावं लागतं.

यात बाँड कोटच्या खडबडीतपणाचाही भाग आहे. प्लाझ्माने फवारलेल्या सिरॅमिकला धरून ठेवायला खालचा पृष्ठभाग खडबडीत लागतो, नाहीतर ते बसतच नाही. पण प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर, थंड होताना, सिरॅमिकला वर ओढणारा ताण तयार होतो आणि तिथे लहान आडवी भेग सुरू होते. ऑक्साइड जाड होत गेलं की असाच ताण उतारांवर आणि खळग्यांकडेही सरकतो. एका उंचवट्याची भेग शेजारच्या उंचवट्याच्या भेगेला मिळते, तीही पुढची गाठते, आणि एक दिवस हातभर तुकडा एकदम सुटतो. म्हणून कोटिंग "अचानक गेलं" असं वाटतं. ते आतून बरेच महिने चाललेलं असतं.

मग स्टोअरमधला लायनर. दोन दिवस शांत पडलेल्या भागाचं कोटिंग आपोआप का सुटावं? कोणी आपटला असेल असा संशय आधी घेतला जातो. हाताळणीत कड लागते हे खरं, पण आपटल्याशिवायही हे होतं आणि जगभरच्या प्रयोगशाळांत ते नोंदलेलं आहे. भट्टीतून काढलेला नमुना टेबलावर काही तास धड राहतो आणि नंतर तडतडून सुटतो. त्याच्यावर पाण्याचा थेंब टाकला तर काही वेळा डोळ्यांदेखत सुटतो. हवेतली आर्द्रता सांध्याच्या टोकाशी पोचली की साठलेल्या दाबाखाली भेग हळूहळू पुढे जाते. किनाऱ्यावरच्या दमट हवेत तर याला वेळ लागत नाही. ही गोष्ट होण्यासाठी कोटिंग आधीच शेवटाला आलेलं असावं लागतं. नव्या, घट्ट बसलेल्या कोटिंगवर पाणी ओतलं तरी काही होत नाही. त्यामुळे स्टोअरमधल्या लायनरने सांगितलंय ते एवढंच, की त्याच्या सांध्याची ताकद संपली होती. त्याच सेटमधले, तेवढेच तास आणि तेवढेच स्टार्ट झालेले बाकीचे लायनर दिसायला कितीही छान असोत, मी त्यांच्याकडे संशयानेच बघेन.

जाडीचा मुद्दा यानंतर सोपा होतो. सिरॅमिकला सोडवायला लागणारी ऊर्जा त्याच्याच आत साठलेली असते, आणि ती जाडीच्या प्रमाणात वाढते. ३०० चे ५०० मायक्रॉन केले की तेवढ्याच आखडण्याला साठलेली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. सांध्याची पकड मात्र तेवढीच राहते. कडा, वेल्डजवळचे उंचवटे, हवेच्या भोकांचे काठ इथे आधीच ताण जास्त असतो, आणि तुमचे तुकडे सुटलेत तेही कडेलाच. जाड थर तिथे आधी जाईल. कोटिंग करणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य एवढंच आहे, की जाड सिरॅमिकमुळे धातू थंड राहतो. प्लाझ्माने फवारलेल्या झिर्कोनियाची उष्णतावाहकता मीटर-केल्व्हिनला १ वॉटच्या आसपास असते. चौरस मीटरला ५ लाख वॉट उष्णता जात असेल, तर ३०० मायक्रॉनवर १५० अंशांचा फरक पडतो आणि ५०० वर २५० चा. पण हा फरक मिळण्यासाठी मागून थंड हवा नीट फिरावी लागते, आणि फरक वाढला की सिरॅमिकचा वरचा भाग जास्त तापतो, हेही त्याच्याबरोबर येतं.

सिरॅमिक जास्त तापणं वाईट का, तर फवारलेला थर छिद्रांमुळे आणि आतल्या बारीक फटींमुळे लवचिक असतो. घन झिर्कोनियाचा ताठपणा २०० गिगापास्कलच्या जवळपास, फवारलेल्या थराचा त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. १२०० अंशांच्या वर बराच काळ राहिला की फटी बुजत जातात, थर ताठ होतो, उष्णताही जास्त वाहू देतो. साठणारी ऊर्जा ताठपणाबरोबरही वाढते. याच तापमानाच्या वर दुसरी अडचण येते. आज सगळीकडे ६ ते ८ टक्के इट्रियाचा झिर्कोनिया वापरतात. हे प्रमाण १९७० च्या दशकाच्या अखेरीस, क्लीव्हलंडच्या नासा लुइस संशोधन केंद्रात स्टीफन स्टेकुरा यांनी वेगवेगळी मिश्रणं तापवून-थंड करून ठरवलं. इट्रिया त्याहून जास्त घातला तर स्फटिकरचना स्थिर राहते, पण थर लवकर सुटतो. कमी घातला तर थंड होताना रचना बदलते आणि आकारमान ४ टक्क्यांच्या आसपास फुगतं. ६ ते ८ टक्क्यांना जी चिवट रचना मिळते, ती १२०० च्या वर हळूहळू दोन भागांत फुटू लागते, एकात इट्रिया जास्त आणि एकात कमी. कमीवाला भाग मग थंड होताना फुगतो. म्हणजे या पदार्थाची मर्यादा ठरलेली आहे. गॅडोलिनियम झिर्कोनेटसारखे नवे पदार्थ त्यापुढे जातात, पण ते ठिसूळ असतात आणि ॲल्युमिनाशी त्यांचं जमत नाही, म्हणून त्यांच्याखाली नेहमीचा झिर्कोनिया लागतोच. तुमच्या लायनरला त्याची गरज वाटत नाही.

हवा आणि इंधनाकडे मात्र नीट बघा. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ फिल्टरमधून आत आलं आणि इंधनात गंधक असलं, की सोडियम सल्फेट तयार होतं. ते ८८४ अंशांना वितळतं, आणि वितळलेलं मीठ उभ्या भेगांतून थेट बाँड कोटपर्यंत उतरतं. उभ्या भेगांची ही दुसरी बाजू आहे. नुसत्या नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या मशीनमध्ये हा त्रास कमी असतो, द्रव इंधनावर वाढतो. जड तेलात व्हॅनेडियम असेल तर त्याचा ऑक्साइड ६९० अंशांनाच वितळतो आणि झिर्कोनियातला इट्रिया खाऊन टाकतो. इट्रिया गेला की झिर्कोनिया वर सांगितल्याप्रमाणे फुगून फुटतो. त्यासाठी इंधनात मॅग्नेशियमचं मिश्रण टाकतात, म्हणजे व्हॅनेडियमची संयुगं वितळायला जास्त तापमान लागतं. वाळवंटी धुळीचं वेगळंच आहे. तिच्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनचे ऑक्साइड साधारण १२०० ते १२५० अंशांना काचेसारखे वितळून छिद्रांत भरतात, आणि थंड झाल्यावर सगळा वरचा थर दगडासारखा ताठ होतो. आखातात विमानांच्या इंजिनांवर काम करणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. ज्वालामुखीच्या राखेचंही तसंच. २४ जून १९८२ ला जावाच्या गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिनं बंद पडली होती, ती आत वितळून चिकटलेल्या राखेमुळेच. लायनरवरच्या सिरॅमिकचं तापमान सहसा एवढं जात नाही, पण काचेसारखा चकचकीत, तपकिरी लेप दिसला तर त्याचा तुकडा जपून ठेवा.

आता हातात असलेल्या पापुद्र्याकडे या. तो उलटा करून बघा आणि जिथून सुटला ती जागाही बघा, चांगल्या उजेडात, भिंगाने. सुटलेल्या जागी धातूवर पांढरा थर शिल्लक असेल, तर भेग सिरॅमिकच्या आतून गेली आहे. मग थर ताठ झाला होता का, जास्त जाड होता का, फवारतानाच आत सैल राहिला होता का, हे शोधायचं. जागा करडी-काळपट असेल तर ऑक्साइडजवळून सुटलं. म्हणजे बाँड कोटचं वय झालं, किंवा धातू ठरल्यापेक्षा जास्त तापत होता. चकचकीत धातू दिसत असेल, तर ऑक्साइडच बाँड कोटला नीट धरून नव्हतं. तिथे गंधक, इट्रियम आणि पावडरचं रासायनिक प्रमाणपत्र तपासा. हिरवट किंवा निळसर झाक म्हणजे क्रोमियम, निकेल, कोबाल्टचे ऑक्साइड, ॲल्युमिनियम संपल्याची खूण. आणि बाँड कोटसकट सगळं निघून मूळ धातू उघडा पडला असेल, तर दोष ब्लास्टिंगमध्ये (फवारण्याआधी कणांचा मारा करून धातू खडबडीत करणं) असण्याची शक्यता मोठी.

सुटलेल्या जागा नेमक्या कुठे आहेत तेही नकाशावर काढा. सगळ्या लायनरवर एकाच बाजूला असतील तर ज्योत तिरकी जात असेल किंवा एखादा नोझल बिघडला असेल. भोकांच्या रांगेजवळ असतील तर मागच्या वेळी फवारताना भोकं बुजली होती का ते बघा. बुजलेल्या भोकापुढचा धातू थंड होत नाही, आणि धातूचं तापमान साधारण १५ अंशांनी वाढलं की गरम भागाचं आयुष्य निम्म्यावर येतं असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब आहे. अशा ठिकाणी कितीही उत्तम कोटिंग केलं तरी ते आधी जाणार.

नवीन काम देताना कोटिंग करणाऱ्याशी जाडीपेक्षा या गोष्टींवर बोला. तीक्ष्ण कडा किमान थोड्या गोलाकार करून मगच फवारायचं, आणि कडेला थर एकदम न थांबवता उतरता सोडायचा. ब्लास्टिंगनंतर जॉब रात्रभर ठेवायचा नाही, त्याच पाळीत बाँड कोट झाला पाहिजे. ब्लास्टिंगची हवा तेल आणि पाण्यापासून मुक्त हवी. पावसाळ्यात पुण्या-मुंबईकडच्या दमट हवेत पावडर ओलसर होते, फीडरमधून धक्क्याधक्क्याने येते आणि थरात न वितळलेले कण अडकतात. पावडर वाळवूनच वापरायची. ट्रान्झिशन पीसच्या वळणात गन काटकोनात ठेवता येत नाही, पण कोन ४५ अंशांच्या खाली गेला की थर सच्छिद्र आणि कमजोर होतो. तिथे रोबोटचा मार्ग काय ठेवलाय ते विचारा. बाँड कोट शक्य असेल तर हवेतल्या प्लाझ्माऐवजी एचव्हीओएफने (इंधन आणि ऑक्सिजनच्या अतिवेगवान ज्योतीने फवारण्याची पद्धत) मागा. हवेत फवारताना बाँड कोटमधलं काही ॲल्युमिनियम उडतानाच ऑक्साइड होतं, म्हणजे साठा कामाला लागण्याआधीच खर्च होतो. एचव्हीओएफचा पृष्ठभाग गुळगुळीत येतो, म्हणून त्याच्यावर जाड पावडरीचा एक खडबडीत हात द्यावा लागतो. तो विसरला गेला की सिरॅमिक लगेच सुटतं.

प्रत्येक लॉटबरोबर फवारलेली नमुन्याची पट्टी मागा आणि तिचा छेद घेऊन बघा. छेद कापताना चाकाचा जोर सिरॅमिककडून धातूकडे असावा आणि नमुना आधी निर्वातात इपॉक्सी भरून घेतलेला असावा, नाहीतर कापताना पडलेल्या भेगाच तुम्ही कोटिंगच्या नावावर लिहाल. एएसटीएम सी ६३३ ची ओढून बघायची चाचणी जरूर करा, पण तिचा आकडा खोलीच्या तापमानाचा आहे. त्यावरून फवारणी बिघडली होती का हे कळतं, कोटिंग किती टिकेल हे नाही. त्यासाठी ११०० अंशांच्या आसपास तापवून पुन्हा थंड करण्याची, शेकडो फेऱ्यांची भट्टीतली चाचणी लागते. एवढा मोठा सेट कोट करून घेणार असाल तर हा खर्च करावा असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या सध्याच्या भागांबद्दल: जाळी आहे, पण कुठेच उचललेलं नाही, असे ट्रान्झिशन पीस असतील, तर नाण्याने हलके टकटक करून पोकळ आवाज येतो का ते बघा. जमलं तर पृष्ठभाग किंचित तापवून थर्मल कॅमेऱ्याने बघा. सुटा झालेला भाग आजूबाजूपेक्षा जास्त वेळ गरम राहतो. दोन्ही चाचण्यांत पास झालेले भाग उत्पादकाच्या मर्यादेत बसत असतील तर चढवता येतील, फक्त पुढची बोअरस्कोप तपासणी (मशीन न उघडता आत नळीचा कॅमेरा घालून बघणं) लवकर ठेवा. लायनरच्या सेटचं मात्र वेगळं. स्टोअरमधल्या लायनरचा एक तुकडा छेदासाठी पाठवा, ऑक्साइडची जाडी आणि बाँड कोटमध्ये ॲल्युमिनियम किती उरलंय ते मोजून घ्या. ऑक्साइड ५ मायक्रॉनच्या वर निघालं किंवा हिरवट थर दिसला, तर तो पूर्ण सेट, चांगले दिसणारे लायनर धरून, बाँड कोटसकट उतरवून नव्याने करायला द्या, जाडी पूर्वीचीच ३०० मायक्रॉन ठेवून. सुटलेले तुकडे भागाच्या नंबरासह, कोरड्या पाकिटात ठेवा. ते झाडून फेकले जाणार नाहीत एवढं आजच स्टोअरला सांगा.